नीलाच्या गालांवरची लाली

आमच्याकडं मरणाची बातमी सरळ कधी येत नाही, ती आधी पाणी मागते. बार्शीला थोरल्या लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी मी जाऊन बसले होते. नातीला पायांवर घेऊन तेल चोळत होते, आणि दारात बघते तो मल्लिनाथ उभा. मल्लिनाथ म्हणजे आमच्या सोलापूरच्या दुकानातला जुना माणूस. एसटीतून उतरून तसाच आलेला, भुवयांवर धूळ. "वैनी, पाणी द्या," म्हणाला. तांब्याभर पाणी प्यायला, तोंड पुसलं, आणि म्हणाला, "ऊन लई हाय की हितं." मी म्हटलं, "मल्लिनाथ, सोलापूरचा माणूस बार्शीला ऊन सांगायला आला होय रे?" तो हसला नाही. नातीच्या पावलांकडं बघत म्हणाला, "धाकट्या वैनींना जरा बरं न्हाय. तुमाला बोलावलंय." … जरा बरं नाही! आमच्या घरात जिवंत माणसाला बरं नसलं तर पोस्टकार्ड येतं. माणूस येतो तो एकाच गोष्टीसाठी. मी पोरीला लेकीच्या हातात दिलं, तेलाचे हात पदराला पुसले आणि चपला घातल्या. माझा आवाज शुक्रवार पेठेत सुटला की भवानी पेठेतले माग थांबतात, असं लोक म्हणतात, आणि लोक कमीच सांगतात. पण त्या दिवशी बार्शी ते सोलापूर मी एक शब्द बोलले नाही. मल्लिनाथला बिचाऱ्याला वाटलं, दोन बायका दगावल्या.

नीला माझी धाकटी जाऊ. कागदावर निलव्वा, घरात नीला. अक्कलकोटच्या पलीकडची, कानडी मुलखातली. बघायला गेलो तेव्हा मी पहिल्यांदा तिचे गालच बघितले. गोरी कातडी आणि त्यावर जांभळटसर लाली, पिकल्या जांभळाचं बोट कुणी अलगद फिरवावं तशी. परत येऊन मी गल्लीला सांगितलं की मुलीच्या गालाच्या उजेडात त्यांच्याकडं रॉकेल लागत नाही. आता माझं निम्मं सोडून द्यायचं हे गल्लीला माहीत आहे, तरी लग्नात बायका रांग लावून तिचं तोंड बघायला आल्या. आमच्या सासूबाई, म्हणजे अव्वा, कानशिलावर कडाकड बोटं मोडून म्हणाल्या, "कसली तेजाची सून मिळाली की गं!" त्या तेजाला घाबरायचं असतं हे आमच्यापैकी कुणाला माहीत होतं?

आमचं दुकान किराण्याचं, पण नाव शेंगाच्या चटणीचं. पुढं दुकान, मागं घर, घराच्या अंगणात उखळ. एका उखळात दोघींची दोन मुसळं, एकीचं वर तेव्हा दुसरीचं खाली. माझं अंग तुम्ही बघितलं नाही ते बरं. पाच पोरं झाली, अंगावरचं गेलं काहीच नाही, प्रत्येक पोर थोडं ठेवूनच गेलं. एकदा एका डॉक्टरनं माझ्या छातीला नळी लावली तर त्याला दोन दिवस कमी ऐकू येत होतं. तर मी मुसळ घालायला लागले की थांबत नाही. नीला सुरुवातीला बरोबरीनं घालायची. मग हळूहळू तिचं मुसळ मागं पडायला लागलं. धप्… धप्… आणि मग नुसतंच माझं. बघावं तर ती मुसळाला धरून उभी, ओठ जरासे उघडे, गळ्यातली लिंगाची चांदीची डबी छातीवर थरथरतेय, पाखरू आत कोंडल्यासारखी. "काय करूलालीस गं? झोप लागली का उभ्या उभ्या?" मी ओरडायची. ती हसायची. गाल आणखी लाल. "शेंगा बघूलालेय अक्का, बारीक झाल्या का ते." मी म्हणायची, नाजूक आहे. शेजारणी म्हणायच्या, लाजते. लाजेनं माणसाला धाप लागत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा नेम. सातव्यात ती गेली, आणि मुलगी घेऊन परत आली ती सुमन. बरोबर डिंकाच्या लाडवांचा डबा, बाळाला सोन्याचे मणी आणि तिचे वडील. आई आली नाही, हे मला जरा खटकलं होतं. पण नीलाचे गाल आधीपेक्षा रंगलेले, सगळ्यांनी ठरवून टाकलं की बाळंतपण मानवलं. रोज सकाळी एक कोरडा खोकला यायचा. अव्वांनी त्याला हळद-दूध दिलं, काढा दिला, दृष्ट काढली. खोकला राहिला. मग दुष्काळाचं वर्ष आलं. परदेशी लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आम्ही खात होतो, त्या भाकरीनं म्हशीसुद्धा तोंड फिरवायच्या, आणि त्याच वर्षी नीलाला पुन्हा दिवस राहिले.

दुसरं बाळंतपण सासरी. हाही नेमच. दोन नेम दोन घरांनी वाटून घेतलेले, आणि मधली गोष्ट कुणीच कुणाला सांगायची नाही… सहावा महिना लागला आणि तिची पावलं सुजली. जोडवी रुतली, साबण लावून मी ती काढली. अव्वा खुश. "पावलं भरली, म्हंजे मुलगा हाय बघ!" झोपताना ती पाठीशी गाद्यांची वळकटी घेऊन बसायची. आडवं झालं की दम कोंडतो म्हणायची. अव्वा म्हणाल्या, "पोर वर चढलंय, मुलगाच." मरण त्या बाईच्या अंगावर एकेक खूण लिहीत होतं, आणि आम्ही प्रत्येक खुणेत मुलगा वाचत होतो.

ओटीभरणाला तिची आई आली. हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांची वाडी, गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका. आणि मी तर एवढी गाणी म्हटली की समोरच्या घरचा पोपट पुढं महिनाभर तीच म्हणत होता. मधेच बघते तो विहीणबाई कोठीच्या खोलीत, शेंगांच्या पोत्यांआड, तोंडात पदर कोंबून रडतायत. मला वाटलं, आनंदानं. मी थट्टा करायला गेले. त्यांनी माझा हात धरला तो सुटेना. अर्धं कानडी, अर्धं मराठी, असं त्या बोलल्या. पहिल्या वेळी कळा सुरू झाल्या आणि पोरीच्या तोंडातून फेस आला. गुलाबी फेस. बैलगाडीतून तालुक्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जीव वाचवला आणि मग सांगितलं, हिला लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेलाय. गुडघे, घोटे सुजले असतील, आठवा. तो ताप सांधे सोडून जातो आणि काळजाला धरतो. हिच्या काळजातलं एक दार आखडलंय. पोटुशी बाईच्या अंगात रक्त वाढतं, ते त्या अरुंद दारातून पुढं जात नाही, मागं फुफ्फुसात तुंबतं. गालांची ती लालीही त्याचीच. पुन्हा पोर होऊ देऊ नका.

"आणि तुमी हे आता सांगता?" मी म्हटलं. आवाज बारीक ठेवला, म्हणजे माझ्या मानानं बारीक. "आधी कसं सांगू यव्वा? दुखणाईत पोर गळ्यात बांधली म्हणून परत धाडली असती." मागं नीला येऊन उभी होती, फुलांची वाडी घातलेली, दाराच्या चौकटीला धरून. "हेळब्याड, अक्का," म्हणाली. सांगू नका. मी म्हटलं, "अगं, तुझ्या जिवाचं आहे." तर ती म्हणाली, "मला परत धाडतील आणि सुमीला हितंच ठेवून घेतील. दुसऱ्या बाईच्या हातात. मग माजं काळीज चाललं काय आणि थांबलं काय?" बाहेर बायका नाव घेण्यासाठी तिला हाका मारत होत्या. ती गेली आणि अगदी खणखणीत नाव घेतलं. त्या नावाच्या शेवटच्या शब्दाला तिचा दम कसा जेमतेम पोचला ते मी ऐकलं.

आता अडचण काय, तर अव्वांच्या घरात बाळंतपण सुईणीच्या हातून, मागच्या खोलीत, हा नेम. माझी पहिल्यानंतरची चारही तिथंच झाली. पाचव्या वेळी तर मी सुईणीला चहा करून दिला होता. दवाखान्याचं नाव काढलं तर अव्वा विचारणार, का? आणि ते 'का' सांगायचं नव्हतं. मग मी माझं हत्यार काढलं. पलीकडच्या गल्लीत नागव्वा नावाची अव्वांची जन्माची वैरीण. एकमेकींच्या लुगड्याचे काठ मोजायच्या दोघी. मी दुपारी तांदूळ निवडता निवडता सहज म्हटलं, "नागव्वांच्या सुनेला सरकारी दवाखान्यात मुलगा झाला म्हणे. लोखंडी खाट, वर पंखा, उशाला नर्स. जन्मल्या जन्मल्या पोरगं उठून बसलं." अव्वांचं सूप थांबलं. "उठून बसलं?" "बसलं की. आणि नागव्वा सगळ्यांना सांगतेय, आमच्या सुना काय जमिनीवर बाळंत व्हायला त्यांच्यासारख्या गरिबाच्या आहेत का?" अव्वा तांदळासकट उठल्या. "मल्ल्या! आपल्या नीलाचं नाव घालून ये दवाखान्यात! पंखा हाय का तेवढं बघ!"

असा तिचा जीव वाचला, एका पंख्यापायी. पण कसा वाचला ते मी बाहेरच्या बाकावर बसून ऐकलंय. तिचा श्वास दाराबाहेर येत होता, ओलं फडकं पिळल्यासारखा. माझा दीर गुरुनाथ भिंतीला टेकून उभा. साखर तोलणारा गरीब माणूस, आयुष्यात आवाज चढवला नाही. डॉक्टर बाहेर आले आणि त्याच्यावर असे बरसले की व्हरांड्यातले पेशंट उठून बसले. "तुम्हाला बायको हवी आहे का नको? तिसरं पोर झालं तर नुसतं पोर घरी येईल, आई येणार नाही." पोरगी झाली होती. गौरी. अव्वा आतल्या वॉर्डात पंख्याखाली बसलेल्या, डॉक्टरांचं त्यांनी काही ऐकलं नव्हतं. म्हणाल्या, "असू दे. पुढच्या बारीला मुलगा."

 थोड्या दिवसांनी गुरुनाथ गूळ आणायला जातो म्हणून गेला आणि गुळाशिवाय परत आला. पाय फाकून, पायाखाली अंडी असल्यासारखा चालत. उशी घेऊन बसायला लागला. अव्वा विचारतात, काय झालं रे? त्याला खोटं बोलता येईना. तोंड लाल, कान लाल. मी पुढं झाले. "एसटीचा टायर फुटला अव्वा, भावजी सीटवरून टपाला आपटले आणि टपावरून परत सीटवर." अव्वांनी शेक दिला. तो नसबंदीचं ऑपरेशन करून आला होता. पुढं काही वर्षांनी त्या ऑपरेशनसाठी माणसं धरून नेत होते, पोरं त्यावर गाणी करत होती. पण तेव्हा आपल्या पायांनी, बायकोसाठी, कुणाला न सांगता गेलेला बाप्या मी एवढाच बघितला. त्याला मी आजही वाकून नमस्कार केला असता, पण मी मोठी भावजय पडले.

तिसऱ्या पोराची भीती गेली. मग वाटलं, सुटलो. तिथंच आमचं चुकलं. डॉक्टर म्हणाले होते, मुंबईला ते आखडलेलं दार मोकळं करायचं ऑपरेशन होतं, लवकर न्या. गुरुनाथ तयार होता. नीलाही तयार होती, नाही असं नाही. फक्त गौरी चालायला लागू दे. मग सुमी शाळेत रुळू दे. मग गौरीचे कान टोचू दे. मग गोवर. मी म्हटलं, "मी आहे की पोरींना! पाच वाढवलीत, त्यात दोन कशा झाल्या ते कळणार पण नाही." ती म्हणाली, "अक्का, तुमी वेणी घातली की सुमीचे डोळे कपाळात जातात. चार दिवस ती चिनी दिसते." हसायची, आणि हसता हसता दम लागून बसायची. आणि मुंबईला जायचं म्हणजे अव्वांना काय सांगायचं? मलासुद्धा एवढी मोठी थाप सुचली नसती. अव्वा नवस बोलत होत्या, सोमवार धरत होत्या, तिला अंगारा लावत होत्या, आणि दर महिन्याला टोमणा. "दोन पोरींवर कूस आटली हिची." ती मान खाली घालून ऐकायची. नवऱ्याचं सांगायचं नाही, माहेरचं सांगायचं नाही, काळजाचं सांगायचं नाही. एवढं सगळं त्या अरुंद दाराच्या आत.

म्हाताऱ्या बायका म्हणतात, पोर झालं की बाईचं काळीज घट्ट होतं. आमचे हे म्हणतात, पोरं काळीज खातात. त्यांना बीपी आहे आणि त्याचं नाव आमचा थोरला मुलगा. मी दोन्ही मतं वर्षानुवर्षं ठोकून सांगत आले. पण नीलाकडं बघून माझी बोलती बंद व्हायची. पोरींना जन्म देऊन तिचं काळीज झिजलं हे खरं, डॉक्टरच म्हणाले. आणि सकाळी उठवत नसताना ती कशाच्या जोरावर उठायची, डबे भरायची, गौरीला 'उचलू नको' म्हणून दहादा बजावलं असताना कडेवर घ्यायची? तेही पोरींच्याच. ज्या हातानं पोरं घेतात त्याच हातानं देतात की काय… मला हिशेब लागत नाही. शेवटच्या पावसाळ्यात तिची बोटं निळसर पडायला लागली. पोळ्या लाटताना बघितलं आणि मी तिचं लाटणं धरलं. ती म्हणाली, "शाई आहे अक्का, सुमीच्या पेनची." खोटं बोलायला ती माझ्याच घरात शिकली.

मी बार्शीहून पोचले तेव्हा तिला सोप्यात भिंतीशी बसवलं होतं. आम्ही लिंगायत, आमच्यात आडवं नेत नाहीत. बसवूनच नेतात, बसवूनच माती देतात. कपाळाला विभूती, गळ्यात ती चांदीची डबी. डबी हलत नव्हती. एवढी वर्षं ती आडवी झोपली नव्हती, आणि आता मातीतही बसूनच. गालांकडं मी बघितलं. लाली गेली होती. पहिल्यांदाच ती सगळ्यांसारखी दिसत होती. अव्वांना शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी सगळं सांगितलं होतं. त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मला कुणी आधी सांगितलं असतं तर…" मी म्हटलं, "तर काय केलं असतं अव्वा?" त्यांनी नीलाच्या कपाळावरची विभूती सारखी केली. मग म्हणाल्या, "ठाव न्हाय." एवढं खरं बोलणं त्या घरात कित्येक वर्षांनी झालं.

दिवस झाले, पाहुणे गेले, आणि सुमीला ताप आला. एक गुडघा सुजला. तो उतरला तर दुसऱ्या दिवशी घोटा. मग मनगट. मी तिच्या अंथरुणाशी बसले होते आणि मला कोठीच्या खोलीतल्या शेंगांचा वास यायला लागला. मी म्हटलं, "हिला आत्ताच्या आत्ता दाखवायची." अव्वा दाराकडं धावल्या, दार लावायला. "हळू बोल! पोरीची जात हाय. आईचं दुखणं हिच्यात आलं म्हणून गावभर झालं तर कोण पदरात घेईल तिला? वाढतं अंग हाय, दुखायचंच. तेल लाव." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माया होती, खोटी नव्हती. तीच माया विहीणबाईंच्या डोळ्यांत मी बघितली होती, पोत्यांआड.

मी दार उघडलं. सुमीला कडेवर घेतलं, एवढी मोठी घोडी, आणि भर गल्लीतून निघाले. समोरच्या ओट्यावर बायका शेवया वळत होत्या. "कुटं चाललाव अक्का, पोरीला घेऊन?" माझ्या जिभेवर चार थापा तयार होत्या, एकापेक्षा एक. पण नागव्वाच्या घरापर्यंत जाईल अशा आवाजात मी ओरडले, "हिचं काळीज तपासायला! हिच्या आईला होतं ते हिला झालंय का बघायला! सांध्याचा ताप आलाय!" शेवया वळणारे हात थांबले. कुणीतरी म्हणालं, "अक्का कायबी सांगतात." एवढी वर्षं माझ्या थापांवर विश्वास ठेवला आणि नेमकं खऱ्याला असं! म्हणून हे इथं लिहिते आहे. छापलेलं लोक खरं मानतात.

डॉक्टरांनी बराच वेळ नळी लावली. दोनदा लावली. म्हणाले, थोडा आवाज आहे, लवकर आणलीत. दर तीन आठवड्यांनी सुई, अनेक वर्षं, एकही चुकवायची नाही. ताप परत आला तर हिचंही दार आखडणार. तेव्हापासून आम्ही जातो. सुमी, मी, आणि घरी राहत नाही म्हणून गौरी. गौरीला काही नाही, तिचीही छाती तपासून घेतली, घोड्यासारखी आहे, माझ्यावर गेली. दवाखाना वरच्या मजल्यावर. पहिल्या दिवशी सुमी जिन्यात मधेच थांबली. भिंतीला हात टेकला, डोळे मिटले. मी तिला दंडाला धरलं. "दम लागला का गं?" तिनं डोळे उघडले. "न्हाय की, मोठी आई. जिन्यात मधे थांबायचं असतं." "कुणी सांगितलं?" "आई थांबायची. आमी पण थांबायचो." 

आणि मागं वळून बघते तर खालच्या पायरीवर गौरी उभी. तसाच भिंतीला हात, तसेच डोळे मिटलेले, ओठ जरासे उघडे. दर खेपेला दोघी तशाच थांबतात. एकीला आजार आहे, एकीला नाही. आणि मी, सगळ्या गल्लीला ओळखणारी, त्यांच्या गालांकडं बघत उभी राहते… नुसतं बघून मला सांगता येत नाही, आजारी कुठली ते.